पावसाळ्यात आजारी पडलेल्या कोंबडीच्या पिल्लाची घरच्या घरी निगा

खानापूर, जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूला आषाढाचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांतही स्थिती फारशी वेगळी नसते. उन्हाळ्याच्या अखेरीस खुडूक कोंबडीखाली निघालेली किंवा मृगाच्या सुमारास बाजारातून आणलेली गिरिराज जातीची किंवा गावठी पिल्ले नेमकी याच दिवसांत तीन ते सहा आठवड्यांची होतात. ओलाव्यातून येणाऱ्या आजारांना पिल्ले याच वयात सर्वांत लवकर बळी पडतात. अथणी, चिकोडीकडे पाऊस कमी असला तरी गार वारा आणि खालून ओल धरलेले खुराडे तेथेही तेवढेच नुकसान करतात.

पिल्लू मान टाकून, पंख फुगवून कोपऱ्यात उभे दिसले की बहुतेक घरांत पहिल्यांदा औषधाची पुडी शोधली जाते. हा क्रम चुकीचा आहे. आधी ऊब, मग पाणी, मग खाद्य आणि त्यानंतर औषध, हा क्रम पाळावा. मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. पण अंगावर पूर्ण पिसे येईपर्यंत पिल्लाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. गारठलेल्या पिल्लाचे पचन मंदावते, त्यामुळे त्याला बळेच भरवलेले अन्न गळ्याखालच्या पिशवीतच पडून राहते आणि आंबते. भरवल्यावर पिल्लू दगावले म्हणून आपण औषधाला किंवा खाद्याला दोष देतो. खरे कारण पुष्कळदा गारठा हेच असते.

आजारी वाटणारे पिल्लू प्रथम इतरांपासून वेगळे करावे. त्याचे कारण केवळ संसर्गाचे नाही, तर धडधाकट पिल्ले अशक्त पिल्लाला चोची मारतात आणि पाण्यापर्यंत जाऊ देत नाहीत, हेही आहे. मग पिल्लू ओंजळीत घेऊन शांतपणे तपासावे. पाय आणि चोच हाताला गार लागतात का, हे आधी पाहावे. छातीच्या मध्यावरचे हाड बोटाने चाचपावे. ते सुरीच्या धारेसारखे लागत असेल तर पिल्लू आजच आजारी पडलेले नाही, ते कित्येक दिवसांपासून उपाशी आहे, असे समजावे. गळ्याखालची पिशवी रिकामी, मऊ की दगडासारखी घट्ट, हे पाहावे. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली आहे का, डोळ्यांत फेस आहे का, श्वास घेताना चोच उघडी राहते का, हे पाहून एका कागदावर टिपून ठेवावे. डॉक्टरांना दाखवण्याची वेळ आली तर हा कागद औषधाच्या पुडीइतकाच उपयोगी पडतो.

ऊब देण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. पुठ्ठ्याचा एक खोका, तळाला कोरड्या भाताच्या तुसाचा दोन बोटे थर, त्यावर जुने गोणपाट आणि एका बाजूला ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब टांगावा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. बल्ब खोक्याच्या मध्यावर न टांगता एका टोकाला टांगावा, म्हणजे पिल्लाला गरम वाटल्यास दुसऱ्या टोकाला सरकता येते. पहिल्या आठवड्यातील पिल्लाला बल्बखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करत जावे. मात्र पिल्लू आजारी असल्यास त्याच्या वयाला लागणाऱ्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश जास्त ठेवणे हिताचे असते. थर्मामीटर नसेल तर पिल्लाचे वागणेच पाहावे: बल्बखाली चिकटून मोठ्याने चिवचिवत असेल तर त्याला गार वाटते आहे, आणि पंख पसरून चोच उघडून लांब कोपऱ्यात बसत असेल तर गरम होते आहे. वीज गेल्यास गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवावी आणि दर दोन तासांनी पाणी बदलावे. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्या धुराने आणि वायूने पिल्ले तर मरतातच, माणसांनाही धोका असतो.

पिल्लाचे पाय गरम लागू लागले आणि ते डोळे उघडून बसले की पाणी द्यावे. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात दोन चमचे गूळ आणि फक्त चिमूटभर मीठ घालावे. मीठ वाढवू नये, कारण पाण्यातील जास्त मीठ पिल्लांना लवकर बाधते. हे पाणी चार-पाच तासांत आंबते, म्हणून थोडे थोडे ताजे करावे. पाजताना चोच उघडून पाणी ओतण्याची सवय अनेकांना आहे आणि ती घातक आहे, कारण जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते आणि पाणी फुप्फुसात जाते. चोचीचे टोक पाण्यात बुडवून सोडावे, किंवा चोचीच्या कडेला एक थेंब टेकवून पिल्लाने तो स्वतः गिळण्याची वाट पाहावी. पाण्याची ताटली उथळ ठेवावी आणि तिच्यात स्वच्छ खडे टाकावेत. अशक्त पिल्लू अर्धा इंच पाण्यातही बुडून मरते.

पाणी पिऊन तासाभरात तरतरी आली तर चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य, पाण्यात भिजवून मऊ करून द्यावे. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटांनी चुरून चिमूटभर दिला तर अशक्त पिल्लू तो आवडीने खाते, पण दोन तासांनी उरलेला बलक काढून टाकावा. तांदळाच्या कण्या आणि मक्याचा भरडा एवढ्यावरच आजारी पिल्लू उभे राहणार नाही, त्याला प्रथिने लागतात. निपाणीच्या पट्ट्यात एक खबरदारी विशेष आहे. उवा जाव्यात म्हणून कोणी तंबाखूची भुकटी खुराड्यात टाकत असेल, तर तिथे पिल्ले ठेवू नयेत. निकोटीन पिल्लांना विषासारखे बाधते.

शेपटीखाली विष्ठा वाळून द्वार बंद झालेले पिल्लू हा पहिल्या आठवड्यात नेहमी दिसणारा प्रकार आहे. वाळलेला गोळा ओढून काढू नये, त्याबरोबर कातडी निघते. कोमट पाण्यात भिजवलेले फडके दोन मिनिटे धरून तो मऊ करावा, पुसून घ्यावा, खोबरेल तेलाचे बोट लावावे आणि पिल्लू पूर्ण कोरडे करूनच खोक्यात ठेवावे. पोटाच्या बाजूला जी नाळेची वाळलेली खपली असते, तिला विष्ठा समजून ओढण्याची चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली होती. पोट मऊ, फुगलेले, निळसर आणि दुर्गंधी येणारे असेल तर तो नाभीचा संसर्ग असतो आणि त्यातून पिल्लू क्वचितच वाचते.

आता या दिवसांतील मुख्य शत्रू: रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिऑसिस. आयमेरिया नावाचे परजीवी आतड्यात वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. उबदार, ओलसर तुसात ही अंडी एक ते दोन दिवसांत संसर्ग करण्यास तयार होतात, आणि इतर पिल्ले तेच तूस टोचत असल्याने संपूर्ण झुंड बघता बघता आजारी पडते. फिनेल किंवा ब्लीचिंग पावडरीला ती सहसा दाद देत नाहीत. त्यांचा खरा इलाज कोरडेपणा आणि कडक उन्हाचा ताप. खुराड्यातील विष्ठेकडे रोज सकाळी पाहण्याची सवय लावावी. पण पाहताना घाबरू नये: पिल्ले दिवसातून काही वेळा काकवीच्या रंगाची, चिकट, उग्र वासाची विष्ठा टाकतात आणि ती नेहमीची असते, आतड्याच्या आतील आवरणाचा नारिंगी तुकडा एखाद्या वेळी दिसला तरी लगेच औषध सुरू करण्याचे कारण नसते. मात्र ताजे लाल रक्त दिसले आणि पिल्ले फिकट तुऱ्याने, पंख लोंबवून एकत्र गोळा झाली, तर त्याच दिवशी हालचाल करावी.

यावर ॲम्प्रोलियम हे औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पाण्यातून देतात. २० टक्के पावडरीचे प्रमाण साधारण एक लिटर पाण्याला १.२ ग्रॅम असते आणि ते तीन ते पाच दिवस देऊन पुढे निम्म्यावर आणले जाते. तरी हातातील पाकिटावरचे प्रमाण आणि डॉक्टरांचे सांगणे हेच अंतिम मानावे. या दिवसांत दुसरे पाणी खुराड्यात ठेवू नये, अन्यथा पिल्ले औषधाचे पाणी सोडून तेच पितात. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाच्या जागी शिरून परजीवींना उपाशी मारते, त्यामुळे त्याच वेळी बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक दिल्यास औषधाचा परिणाम कमी होतो. टॉनिक औषधाचा कोर्स संपल्यावर द्यावे. ओले तूस काढून लांब पुरावे, पाण्याच्या भांड्याखाली विटांचा किंवा जाळीचा ओटा करावा आणि नवे तूस घालण्यापूर्वी ते मुठीत दाबून पाहावे: गोळा झाला तर ते वापरण्यायोग्य नाही.

पावसात भिजून बुरशी आलेले तूस आणखी एक आजार आणते. त्यातील बुरशी फुप्फुसात जाऊन पिल्ले मान लांब करून, चोच उघडून धापा टाकतात, आणि त्यावर घरगुती इलाज नाही. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंडही देऊ नये, त्यातील विष यकृतावर घाला घालते. खुराड्यातील हवा तपासण्यासाठी पिल्लांच्या उंचीला खाली बसून दोन मिनिटे थांबावे. आपले डोळे चुरचुरले तर तेथे अमोनिया साचला आहे आणि वरच्या बाजूने खिडकी उघडणे आवश्यक आहे.

मान पिळवटलेली, हिरवट हगवण, पाय लुळे आणि एकामागून एक मृत्यू, असे दिसल्यास मानमोडीचा, म्हणजेच राणीखेत रोगाचा संशय घ्यावा. त्यावर उपचार नसून लस हाच उपाय आहे. पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते, आणि एका कुपीत शंभरावर डोस असल्याने चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी लस आणणे परवडते. आजारी पिल्लाला लस देऊ नये. डासांमुळे तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती येणाऱ्या देवीच्या खपल्यांवर पोटॅशियम परमँगनेटचे अगदी फिकट गुलाबी पाणी लावावे, खपली उकलू नये.

माणसांच्या गोळ्या कुटून पिल्लांना देण्याचा मोह आवरावा. त्यांचे प्रमाण पिल्लाच्या वजनाला बसत नाही, आणि पुढे अंडी-मांस खाणाऱ्या माणसांपर्यंत त्यांचा अंश जातो. दिवसभर ऊब आणि पाणी देऊनही सुधारणा नसेल किंवा दोन-तीन पिल्ले एकाच वेळी आजारी पडली, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, अथवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा. बेळगाव, खानापूरच्या दवाखान्यांत अनेकदा कन्नड बोलणारे डॉक्टर भेटतात. ‘कोळीमरी’ म्हणजे पिल्लू आणि ‘रक्त भेदी’ म्हणजे रक्ती हगवण, एवढे दोन शब्द सांगितले तरी काम लवकर होते. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्या खाऊ वा विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत, आणि पशुसंवर्धन खात्याला कळवल्याशिवाय हलवू नयेत. एरवी मेलेले पिल्लू चुना घालून खोल खड्ड्यात पुरावे. आजारी पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि खोका स्वयंपाकघरात ठेवू नये.

बरे झालेले पिल्लू लगेच झुंडीत सोडू नये. दोन दिवस बल्बशिवाय खोक्यात राहून ते नीट खात असेल, विष्ठा घट्ट झाली असेल, तर संध्याकाळी अंधार पडल्यावर त्याला इतरांच्या शेजारी ठेवावे, म्हणजे सकाळी सगळी एकत्रच उठतात आणि नवा पाहुणा कोण, हे शोधून चोची मारण्याचे प्रमाण कमी होते. तरीही पहिली सकाळ तेथेच बसून पाहावी.