लशीसाठी शेळीपालक खरोखर किती पैसे देईल, हे कसे विचारावे

आंत्रविषाराच्या (आतड्यांत जंतूंचे विष तयार होणाऱ्या शेळ्यांच्या रोगाच्या) लशीसाठी किती पैसे द्याल, असे सर्वेक्षणात विचारले की शेळीपालक बहुधा प्रत्यक्षात देईल त्याहून मोठा आकडा सांगतो. तो खोटे बोलत नसतो. खिशात हात घालायचा नसतो आणि दारी आलेल्या माणसाला नाही म्हणणे जिवावर येते, एवढेच. या फुगवट्याला अर्थशास्त्रात हायपोथेटिकल बायस म्हणतात.

किंमत, संरक्षणाचा काळ आणि लस गोठ्यावर टोचली जाणार की दवाखान्यात, हे बदलत जाणारे लशीचे दोन पर्याय सर्वेक्षणात पुढे ठेवताना 'कोणताच नको' एवढ्यावर थांबू नये. 'सरकारी लसीकरणाची वाट पाहीन' हा पालकाचा रोजच्या व्यवहारातला पर्याय आहे आणि तो गाळला, तर दोन्ही लशींची मागणी फुगते. शिवाय दर शेळीमागे 10 रुपये किरकोळ वाटतात. म्हणून 15 शेळ्यांचे 150 रुपये, आणि प्रथमच टोचताना 2-3 आठवड्यांनी लागणाऱ्या बूस्टर मात्रेसह 300 रुपये, असा पूर्ण हिशेब मांडावा. घरात शेळ्यांचा पैसा बाईच्या हाती असेल, तर प्रश्न तिलाच विचारावा, आणि विचारणारा नेहमी लस टोचणारा डॉक्टर नसावा, कारण त्याच्यासमोर 'नाही' उमटत नाही.

अर्थतज्ज्ञ कमिंग्ज आणि टेलर यांनी 1999 मध्ये मांडलेल्या पूर्वसूचनेच्या धर्तीवर प्रश्नाआधी असे सांगणे उपयोगी पडते: "अशा प्रश्नांना लोक अनेकदा हो म्हणतात, पण पैसे मोजायची वेळ आली की विचार बदलतात. हे पैसे आज दिले, तर पेंड किंवा किराणा यांपैकी काय मागे राहील, हे मनात आणून उत्तर द्या." मात्र तिचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही, म्हणून प्रत्येक होकारानंतर खात्री 1 ते 10 मध्ये विचारावी आणि 7 च्या खालचा होकार नकार धरून विश्लेषण पुन्हा करून पाहावे.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे निवडक पालकांशी खरा व्यवहार करणे. पालकाने दर शेळीमागची कमाल किंमत आधी सांगावी, मग पिशवीतून किमतीची चिठ्ठी काढावी. चिठ्ठीवरील किंमत त्याच्या आकड्याइतकी किंवा कमी निघाली, तर त्याच किमतीला पशुवैद्यकाने तिथेच लस टोचावी, जास्त निघाली तर विक्री नाही. ही रीत नवखी असल्याने आधी साबणाच्या वडीवर सराव करून घ्यावा. त्याच गावांतील इतर पालकांना तोच प्रश्न केवळ तोंडी विचारला, तर दोन्ही गटांच्या सरासरीतील तफावत हाती येते आणि उरलेल्या सर्वेक्षणातील आकडे तिच्या प्रमाणात खाली आणता येतात.