होळीच्या गच्चीवर आयरिश कॉफी आणि डफ

सेंट पॅट्रिक डे, आयरिश लोकांचा सण, 17 मार्चला, म्हणजे आमच्या बेळगावात होळीच्या आगंमागं. टिळकवाडीतल्या गच्चीवर मी दोन्ही सण एकदमच करतो.

पाहुणे आले की आधी उंच ग्लास: बर्फ, 45 मिली आयरिश व्हिस्की, अर्धं लिंबू, वरून जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा). सोबत जिग, म्हणजे आयरिश नाचाची धून, लावा. जिगची चाल सहा मात्रांची, दादऱ्यावर डोलते तशीच मान डोलते. दारू न घेणाऱ्यांना आल्याचं सरबत सोडा घालून द्या, आणि ते सगळ्यांच्या आधी द्या.

गप्पा रंगल्या की रील, ही दुसरी आयरिश नाचाची धून, धावती. त्यात बोरान, म्हणजे आयरिश डफ, घुमला की आमच्याकडचे डफ उचलतातच! बोरानही बहुतेक बकऱ्याच्या कातड्याचा, छोट्या काठीनं वाजवतात. आपला डफ आधी विस्तवाजवळ धरून तापवून घ्या. कातडं सैल असलं की बोल उठत नाही.

आयरिश कॉफी मात्र जेवणानंतरच. काचेचा पेला गरम पाण्यानं विसळा. दोन चमचे साखर, 120 मिली कडक कॉफी (दूध नाही), 50 मिली व्हिस्की. साखर पूर्ण विरघळू द्या, तिच्यामुळंच क्रीम वर तरंगायला मदत होते. एकदा घाईत मी साखर कमी घातली आणि क्रीम सगळं खाली बसलं. क्रीम जेमतेम घट्ट होईतो फेटा, उलट्या चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. ढवळू नका, थंड क्रीमखालून गरम कॉफी ओठाला लागली पाहिजे. तेव्हा एकटी टिन व्हिसल (पत्र्याची छोटी आयरिश बासरी), संथ. बशीत चमचाभर कुंदा, आमची बेळगावी दुधाची मिठाई.