प्राचीन व्यापारी राज्ये कशी शिकवावीत: सुरुवात मिठागरापासून

नववीच्या वर्गात ‘प्राचीन संस्कृती’ एवढे म्हटले की मुले मुकाट्याने सनावळ्या उतरवून घेऊ लागतात. परीक्षा संपली की त्यातले काहीही उरत नाही. म्हणून मी हा भाग राजांच्या नावांऐवजी मिठापासून सुरू करते. गोव्यात मीठ शोधायला लांब जावे लागत नाही.

पहिल्या तासाला आगरवाड्याचे किंवा जवळच्या कुठल्याही मिठागराचे जाडे मीठ आणा. पाकिटातले बारीक नको. हाताला ओलसर लागणारे, करड्या झाकेचे मीठ हवे. प्रत्येक बाकावर मूठभर ठेवा आणि विचारा: जिथे हे मिळतच नाही, तिथले लोक त्यासाठी काय देतील? माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा मिठागरात राबलेले. ती म्हणाली, “टीचर, अवकाळी पाऊस पडला की आगरातलं सगळं पाणी होतं.” मालामागे ऋतू असतो, कुणाची तरी कंबर मोडलेली असते, हे त्या एका वाक्यात वर्गाला कळले.

आता फळ्यावर सहारा वाळवंट काढा. तगाझा हे तिथले मिठाच्या खाणींचे गाव. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ साली तिथे पोहोचला, तेव्हा घरे मिठाच्या लाद्यांची होती आणि छपरे उंटाच्या कातड्याची. हे मीठ उंटांवरून दक्षिणेला जाई आणि बदल्यात सोने येई. आधी घाना, मग माली ही राज्ये याच वाटेवर भरभराटीला आली.

यानंतर खेळ घ्या, आणि त्याला पूर्ण तास द्या. वर्गाचे तीन गट करा: मीठवाले, सोनेवाले आणि दारात राजाची माणसे. सोने म्हणून चण्याची डाळ चालते. कुणी बोलायचे नाही. मीठवाले कोपऱ्यात पुड्या ठेवून मागे सरतात. सोनेवाले शेजारी डाळ ठेवून दूर होतात. डाळ कमी वाटली तर मीठवाल्यांनी ती न उचलता थांबायचे. अशा मुक्या सौद्याचे वर्णन प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही केले आहे. दारातले जकात घेतात. अल-बक्री या अरबी भूगोलकाराने १०६८ च्या सुमारास नोंदवलेला घानाचा दर असा: गाढवावरचे मिठाचे ओझे राज्यात आले तर एक दीनार (सोन्याचे नाणे), बाहेर गेले तर दोन. तास संपताना तिघांची डाळ मोजायला लावा. एकही पुडी न बनवता राजाकडे किती जमली, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या.

मगच सांगा की हाच इब्न बतूता १३४० च्या दशकात आपल्या गोव्यातही आला होता. त्याच्या लिखाणात गोवा ‘सिंदाबूर’ आहे. वर्ग एकदम सावरून बसतो.

इथून गोव्याच्या कदंब राजांकडे वळणे सोपे जाते. रोजच्या कदंब बसवरचा सिंह हे त्या घराण्याचे राजचिन्ह. त्यांची राजधानी चांदरहून जुवारीकाठच्या गोपकपट्टणाला आली, ती बंदरामुळे. नैर्ऋत्येचे वारे पावसाळ्यात अरबस्तानाकडून इकडे वाहतात आणि हिवाळ्यात ईशान्येचे उलट दिशेने. जहाजांचे वेळापत्रक वाराच ठरवी. नकाशावर बाण मुलांनाच काढू द्या.

सिंधू संस्कृती मी शेवटी घेते. क्रम उलटा आहे खरा, पण आता मुलांना जकात, माप आणि बंदर ठाऊक झालेले असते. प्रयोगशाळेतला तराजू मागून घ्या. चर्ट या कठीण दगडाचे घनाकृती वजन तिथे सर्रास सापडते, त्यातले एक नेहमीचे सुमारे १३.७ ग्रॅमचे. मातीचे घन करून दुप्पट-दुप्पट वजनांची मालिका जुळवायला लावा. दूरदूरच्या शहरांत एकच माप का लागले असेल, हे तोलताना आपोआप विचारले जाते. गुजरातेतल्या लोथल या सिंधूकालीन गावातला विटांचा मोठा हौद गोदी होता की तलाव, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तो वाद लपवू नका. दोन गटांत मुलांना भांडू द्या.

शक्य असेल तर शेवटी गोवा वेल्ह्याला, म्हणजे जुन्या गोपकपट्टणाच्या जागी, सहल न्या, तीही ओहोटीला. भरतीत जुन्या दगडी बांधाचे अवशेष पाण्याखाली जातात, म्हणून तारीख ठरवण्याआधी तिथल्या मच्छीमारांना वेळ विचारा. मुलांना जुन्या चपला घालायला सांगा, चिखल खूप असतो.