साताऱ्याहून मुंबईची रात्र पाहायला निघण्यापूर्वी : एक तयारीची यादी

मुंबईची खासगी रात्रसहल ठरवताना सर्वप्रथम एक कोरा कागद घेऊन त्यावर आपल्याला नेमके काय पाहायचे आहे, ते लिहून काढावे. दिवसाच्या सहलीत हे काम मार्गदर्शकावर सोडून चालते, कारण संग्रहालये, मंडया, देवळे सगळेच उघडे असते. रात्री बहुतेक दरवाजे बंद असतात. त्यामुळे जे रस्त्यावरून दिसते आणि जे रात्रीच जागे असते, एवढेच हाती उरते. एका कुटुंबासाठी स्वतंत्र मार्गदर्शक घेण्याचा अर्थही हाच आहे की रस्ता आपण ठरवायचा, थांबे आपण ठरवायचे आणि प्रश्नही आपणच घरून घेऊन जायचे. ते नेले नाहीत तर चारचौघांना दाखवली जाणारी ठरावीक फेरीच जास्त पैसे देऊन पदरात पडते.

घरातील वडीलधाऱ्यांना या कामी अवश्य बसवावे. सातारा जिल्ह्यातील असंख्य घरांतून कोणी ना कोणी मुंबईच्या गिरणीत किंवा माथाडी कामाला गेलेले आहे. आजोबा कोणत्या गिरणीत होते, कोणत्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत राहत, खानावळ कोठे होती आणि १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाल्यावर ते गावी केव्हा परतले, हे विचारून ठेवावे आणि गिरणीचे व चाळीचे नाव मार्गदर्शकाला आठवडाभर आधी कळवावे. लालबाग-परळचा भाग रात्री अकरानंतर शांत होतो, रहदारी ओसरते आणि उंच इमारतींच्या मध्ये उरलेली एखादी धुराडी नीट पाहता येते. आमच्या आईने वडिलांच्या तोंडून फक्त ऐकलेली गल्ली मागील हिवाळ्यात प्रथमच पाहिली. तेथे पाहण्यासारखे काही नाही असे मार्गदर्शकाला वाटत होते, पण आमच्यासाठी ती अर्ध्या तासाची थांबण्याची जागा ठरली.

वाचनाची तयारीही थोडी करावी. दक्षिण मुंबईच्या इमारतींची गोष्ट साताऱ्याशी एका धाग्याने जोडलेली आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बार्टल फ्रेअर हा इंग्रज अधिकारी १८४७ मध्ये साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे छत्रपतींच्या दरबारातील कंपनी सरकारचा प्रतिनिधी, म्हणून आला आणि राज्य खालसा झाल्यावर येथेच कमिशनर झाला. हाच फ्रेअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता आणि त्याच्याच कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. तट गेल्याने जी जागा मोकळी झाली, त्या जागेवर पुढच्या काळात उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला या टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतील इमारतींची रांग आहे, तर पश्चिमेला समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर १९३० च्या सुमारास व त्यानंतर बांधलेल्या आर्ट डेको, म्हणजे साध्या रेषांच्या व गोलसर कोपऱ्यांच्या शैलीच्या इमारती आहेत. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मैदान रात्री बंद असले तरी कडेच्या रस्त्यावरून दोन्ही बाजू दिसतात, आणि मधली कहाणी माहीत असेल तर या एका रस्त्यावर अर्धा तास सहज जातो. सुमारे ८५ मीटर उंचीचा टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला व त्याला प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईचे नाव दिले, एवढे मुलांना आधी सांगून ठेवले तर तीही कंटाळत नाहीत.

आता रात्रीची आखणी. माझ्या मते रात्रीचे तीन भाग मनात स्पष्ट ठेवावेत आणि त्यांचा क्रम बदलू नये. इमारतींवरील रोषणाई रात्रभर चालू राहीलच असे नाही, म्हणून साडेनऊ ते साडेअकरा या वेळात रोषणाईच्या इमारती आधी उरकाव्यात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले व सुमारे दहा वर्षांत पूर्ण झालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्याच्याच समोरची त्याच स्थापत्यकाराची महानगरपालिकेची इमारत, पुढे फ्लोरा फाउंटन व हुतात्मा चौक, आणि शेवटी जॉर्ज विटेट याने आखलेले व ४ डिसेंबर १९२४ रोजी खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया, असा हा सुमारे अडीच किलोमीटरचा टप्पा आहे. कार्यालयांचा हा भाग कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर ओस पडतो, त्यामुळे शनिवार-रविवारपेक्षा मंगळवार किंवा बुधवारची रात्र निवडावी. गेटवेच्या आवारात तपासणी असते आणि आत सोडण्याची वेळ ठरलेली असते. ती मार्गदर्शकाने त्याच दिवशी दुपारी विचारून घ्यावी.

दुसरा भाग समुद्राचा. मध्यरात्रीच्या सुमारास मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसण्यात जे सुख आहे, ते भरती-ओहोटीवर अवलंबून असते आणि ही वेळ साताऱ्यात बसूनही काढता येते. घरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहावी आणि पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल तितक्या वाजता, दिवसा आणि रात्रीही, साधारणपणे भरती येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास आणि मध्यरात्री ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, म्हणजे आपण कठड्यावर पोहोचू तेव्हा पाणी काठोकाठ असेल आणि वर चंद्रही असेल. किनाऱ्यावरचे हे जुने गणित ढोबळ आहे, त्यामुळे निघण्याच्या दिवशी महापालिकेने जाहीर केलेली वेळ पाहून खात्री करून घ्यावी. पौर्णिमा-अमावस्येला भरती मोठी असते, आणि कठड्याखालचे काँक्रीटचे टेट्रापॉड (लाटा अडवणारे चार पायांचे ठोकळे) शेवाळाने निसरडे असतात. फोटोसाठी त्यांवर कोणीही, विशेषतः तरुण मुलांनी, उतरायचे नाही, हे घरूनच बजावून निघावे. जून ते सप्टेंबर ही सहल ठरवूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

तिसरा भाग पहाटेचा, आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात. दोन वाजता मुक्कामी परतणाऱ्याने शहर दिव्यांत पाहिले, पण कामाला लागताना पाहिले नाही. पहाटे चारच्या सुमारास फोर्ट भागात वृत्तपत्रांचे गठ्ठे रस्त्यावर उतरवून वाटपासाठी लावले जातात, दादर स्थानकाच्या पश्चिमेला फुलबाजार भरू लागतो आणि उजाडण्यापूर्वी १८७५ मध्ये बांधलेल्या ससून डॉकवर मासळीचे लिलाव सुरू होतात. तिन्ही ठिकाणी जाण्याचा हव्यास धरू नये, त्यातले एक निवडावे. आपण सातारकरांनी फुलबाजार निवडावा, असे मी म्हणेन, कारण आपल्याकडचा झेंडूही तेथे पोहोचतो आणि शेतातून तोडलेल्या मालाला पहाटे काय भाव मिळतो, हे शेतकरी घरातील माणसाला डोळ्यांनी पाहता येते. मासळीचा लिलाव पाहायचा असल्यास यांत्रिक मासेमारी बंद असण्याचा पावसाळी काळ टाळावा, ओल्या फरशीवर न घसरणारी पादत्राणे घालावीत आणि परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये. दोन्हीकडे माणसे पोटाच्या घाईत असतात. पाटी घेऊन येणाऱ्याची वाट अडवू नये, बाजूला उभे राहावे आणि शक्य असल्यास काहीतरी विकत घ्यावे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पदपथावर झोपलेली माणसे, फलाटावर पहुडलेले हमाल, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती, ही कोणाच्याही सहलीतील ‘ठिकाणे’ नव्हेत. काही आयोजक असा फेरफटका आपणहून सुचवतात. तो नको असल्याचे आरक्षण करतानाच लेखी कळवावे आणि झोपलेल्या माणसाचा फोटो आपल्यापैकी कोणी काढणार नाही, हे मुलांनाही समजावून सांगावे.

मार्गदर्शक निवडताना केवळ छायाचित्रांवर जाऊ नये. एकदा फोनवर दहा मिनिटे बोलावे आणि तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या इमारतीची रोषणाई किती वाजेपर्यंत असते, मध्यरात्रीनंतर स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय कोठे मिळते आणि आजीला चालवेनासे झाले तर फेरी कशी बदलता येईल. रात्री खरोखर फिरणारा माणूस या प्रश्नांची उत्तरे अडखळल्याशिवाय देतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे मार्गदर्शक ओळखपत्र असल्यास त्याचा फोटो मागवून घ्यावा. तो मराठीत सांगणार की हिंदीत, हेही आधीच ठरवावे, कारण ज्येष्ठांसाठी ही सहल ऐकण्याची असते. गाडी आयोजकाची असेल तर तिची नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असावीत (विजेवरील गाडीची प्लेट हिरवी आणि अक्षरे पिवळी). पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने चालवण्याचा परवाना नसतो, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येते. चालकाने त्या दिवशी दिवसभर गाडी चालवलेली नाही ना, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

पैशांचा हिशेब लेखी असावा. ठरलेल्या रकमेत गाडी, पार्किंग, टोल आणि मार्गदर्शकाचा चहा-नाश्ता धरला आहे का, वेळ वाढल्यास तासाला किती द्यायचे, आगाऊ किती भरायचे आणि ऐनवेळी आजारपण आले तर किती परत मिळणार, हे सारे एका संदेशात लिहून त्याला समोरून होकार घ्यावा. काळी-पिवळी टॅक्सी लागलीच तर मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मीटरच्या भाड्यावर पंचवीस टक्के जादा द्यावे लागतात, आणि रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाहीत, हे नव्याने जाणाऱ्याला ठाऊक नसते.

भेटण्याची जागा मात्र अगदी काटेकोर ठरवावी. ‘सीएसएमटीला भेटू’ एवढ्यावर आम्ही विसंबलो होतो. आम्ही अठरा नंबरच्या फलाटाच्या बाजूने बाहेर पडलो आणि मार्गदर्शक महापालिकेसमोरच्या बाजूला उभा राहिला. सामान घेऊन एकमेकांना शोधण्यात पाऊण तास गेला आणि रोषणाईच्या वेळेतून तेवढाच कापला गेला. म्हणून दार, रस्ता आणि समोरची खूण यांसह जागा लिहून घ्यावी.

प्रवासाबाबत माझे मत ठाम आहे : स्वतःची गाडी नेऊ नये. सातारा ते मुंबई हे सुमारे अडीचशे किलोमीटर आणि खंबाटकी व खंडाळा असे दोन घाट पार करून गेलेल्या चालकाने रात्रभर जागून पुन्हा तेच घाट उतरायचे-चढायचे, हा धोका पत्करण्याचे काही कारण नाही. कोयना एक्सप्रेस साताऱ्याहून दुपारी निघून रात्री आठ-साडेआठच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ-पावणेनऊला तेथूनच परत निघते. जणू या सहलीसाठीच वेळ लावलेली आहे. वेळापत्रक तेवढे आरक्षणाच्या वेळी पुन्हा पाहावे. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि परतीच्या प्रवासात सारेच झोपणार असल्याने परतीच्या जागा आधी निश्चित कराव्यात. एसटीने जाणार असल्यास महिलांना तिकिटात निम्मी सवलत आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळतो. त्यासाठी आधार कार्ड हाताशी असावे. रात्री नाकाबंदीतही ओळखपत्र विचारले जाऊ शकते, म्हणून प्रत्येकाचे स्वतःजवळ असावे, एकाच पाकिटात सर्वांची ठेवू नयेत.

सामान थोडेच घ्यावे. रोजच्या वापरातील बूट, पाण्याची बाटली, पॉवर बँक, ज्येष्ठांची पहाटेची औषधे, थोड्या सुट्ट्या नोटा आणि कोरडा खाऊ पुरे. डिसेंबरात साताऱ्यातून निघताना स्वेटर लागतो, मुंबईत उतरल्यावर तो ओझे होतो आणि पहाटे समुद्राच्या वाऱ्यात शाल बरी वाटते. म्हणून स्वेटरऐवजी शालच घ्यावी. मोठा ट्रायपॉड टाळावा, कारण तो लावला की सुरक्षारक्षक परवानगी विचारतात. ड्रोन तर नेऊच नये, त्यावर मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश निघतात. नौदलाच्या हद्दीजवळ फोटो काढू नयेत. मार्गदर्शकासाठी कंदी पेढ्यांचा एक डबा न्यावा. आपल्यासाठी रात्रभर जागणाऱ्या माणसाला तो दिलेला मला आवडतो.

निघण्याच्या दिवशी गाडीत दोन तास तरी झोप काढावी. रात्रीचे जेवण हलके आणि फेरीपूर्वीच उरकावे. मार्गदर्शकाचे नाव व क्रमांक, गाडीचा नंबर आणि थांब्यांचा क्रम साताऱ्यातील घरी लिहून ठेवावा, एकाने फोनवरून आपले ठिकाण घरच्यांना सतत दिसेल असे चालू ठेवावे आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक मुलांनाही पाठ असावा. सकाळी फलाटावर चहा घेऊन आपल्या डब्यात बसल्यावर घरी एक फोन करावा. सातारा स्टेशन शहरापासून दूर, माहुलीला असल्याने दुपारी कोणी घ्यायला येणार असेल, तर गाडीने वाठार सोडल्यावर त्याला दुसरा फोन करावा. तेवढ्यासाठी एकाने तरी मोबाइलवर गजर लावून झोपावे.