आई-वडिलांचं लग्न झालेलं नाही: मुलाच्या भेटीचा वाद मध्यस्थीने असा सोडवा

कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 7 नुसार मुलाचा ताबा आणि भेट हे विषय कुटुंब न्यायालयाकडे जातात. त्यासाठी आई-वडिलांचं लग्न झालेलंच असलं पाहिजे, अशी अट नाही. मात्र हिंदूंसाठीच्या 1956 च्या पालकत्व कायद्यात अशा मुलाची नैसर्गिक पालक आधी आई आहे, वडील तिच्यानंतर. त्यामुळे वडिलांनी ‘माझा हक्क’ म्हणत सुरुवात केली की बोलणी पहिल्याच बैठकीत अडतात. कायद्याची खरी कसोटी मुलाचं हित ही आहे. मूल त्यांना किती ओळखतं, आजवर त्याच्यासाठी काय केलं, पुढे काय करणार, यावर बोलावं.

पितृत्वाचा प्रश्न आधी मिटवा. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नसेल आणि आईला त्यांचं पितृत्व मान्य असेल, तर तसं तडजोडीत लिहून घ्या. मान्य नसेल तर भेटीच्या वेळा ठरवत बसण्यात अर्थ नाही.

दावा दाखल नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. दावा करायचाच असेल तर मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या कुटुंब न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. तिथेही सुरुवातीलाच मध्यस्थीकडे पाठवण्याची विनंती करा.

मारहाण किंवा धमक्यांचा इतिहास असेल तर तो मध्यस्थांना आधीच सांगा आणि स्वतंत्र बैठका मागा. समोरासमोर बसायला भीती वाटते अशा व्यक्तीने ‘तडजोड’ करू नये. ती भीतीपोटी दिलेली सही असते.

बैठकीला जन्मदाखला, शाळेचं वेळापत्रक, दोघांच्या कामाच्या पाळ्या आणि पुढच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर न्या. जुन्या चॅटचे प्रिंटआउट घरीच ठेवा, नाहीतर सगळा वेळ त्यांच्यावरच जातो.

आता मसुदा. बहुतेक तडजोडी इथेच फसतात. ‘दर रविवारी परस्पर संमतीने भेट’ हे वाक्य दुसऱ्याच रविवारी भांडण लावतं. त्याऐवजी असं लिहा: ‘पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी 10 ते दुपारी 1, अमुक बागेत. आई आणून सोडेल, वडील घरी पोचवतील. 30 मिनिटांहून जास्त उशीर झाला तर त्या दिवशीची भेट रद्द. मूल आजारी असेल तर आदल्या रात्री 8 पर्यंत मेसेज, आणि बदली भेट पुढच्याच रविवारी.’ बदली भेटीचं कलम विसरू नका. ते नसेल तर दर वेळचा ताप खोटा वाटू लागतो.

तीन वर्षांखालच्या मुलाला आठवड्यातून दोनदा एकेक तास मानवतो. महिन्यातून एक अख्खा दिवस नाही. रात्रीचा मुक्काम मूल रुळल्यावरच. गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी आणि मुलाचा वाढदिवस यांची वाटणी वर्षागणिक आलटून-पालटून करा. व्हिडिओ कॉलची वेळही ठरवा. 2020 च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज 5 ते 10 मिनिटं बोलू द्यावं असं म्हटलं आहे. आजी-आजोबांपैकी भेटीला कोण येईल, तेही लिहा.

खर्चाचं कलम वेगळं ठेवा. ‘पैसे दिले तरच भेट’ किंवा ‘भेट मिळाली तरच पैसे’ ही अट दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. पोटगी मुलाची आहे, आणि आई-वडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी त्याला ती मागता येते.

मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय राहतं. पण समुपदेशक मुलाशी बोलून जो अहवाल देतात, तो न्यायालय विचारात घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पेरी कनसाग्रा प्रकरणात स्पष्ट केलं. मुलाला पढवून पाठवू नका. त्याच्यावर ओझं पडतं आणि समुपदेशकांना ते कळतं.

नोटरीपुढे सही करून थांबू नका. तो कागद म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. दावा चालू असेल तर संमतीच्या अटी न्यायालयात दाखल करून आदेश घ्या. दावापूर्व तडजोड असेल तर ती लोकअदालतीत नोंदवा, म्हणजे तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं (निकालाच्या आदेशाचं) बळ येतं. दोघांनीही प्रमाणित प्रत घ्या. भेट नाकारली गेली तर तारीख, वेळ आणि मेसेज नोंदवून ठेवा आणि अंमलबजावणीसाठी अर्ज करा. मुलाला शाळेतून परस्पर उचलून आणू नका.