चिखलातल्या जिवाणूंवर चालणारा लोरा नोड

लोरा नोड म्हणजे थोड्या विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारं रेडिओ-यंत्र. ते चिखलातल्या जिवाणूंच्या विजेवर चालवायचं, तर भातखाचरातला किंवा तळ्याकाठचा काळा, कुजकट वासाचा चिखल १० लिटरच्या बादलीत निम्मा भरा. खडे, मुळ्या काढा. गांडुळं तर काढाच, त्यांच्या बिळांतून हवा खाली उतरते. जिओबॅक्टरसारखे जिवाणू हवा नसलेल्या जागी कुजकं खाऊन इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. तिथे ऑक्सिजन पोचला, की इलेक्ट्रॉन तारेत येण्याऐवजी त्यालाच मिळतात.

कार्बन फेल्टचे (कार्बनच्या तंतूंच्या जाड कापडाचे) १० बाय १० सेंमीचे दोन तुकडे घ्या. नवा फेल्ट पाणी धरत नाही, म्हणून आधी स्पिरिटमध्ये भिजवून मग स्वच्छ धुवा. एक ६-७ सेंमी खोल पुरा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून चिखल दाबा. वर चार बोटं पाणी घालून दुसरा थर्माकोलला बांधून तरंगत ठेवा. दोन्ही तुकड्यांना जोडायची तार टायटॅनियमचीच हवी. तांबं गंजतं, जिवाणूंना मारतं आणि गंजता गंजता स्वतःच व्होल्टेज दाखवतं. पहिल्याच दिवशी आकडा छान आला, तर संशय घ्या.

दोन्ही तारांच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावून दोन-तीन आठवडे थांबा. ०.३५ व्होल्ट टिकले म्हणजे सुमारे १२० मायक्रोवॅट झाले. व्होल्टेज वाढवायला एकाच बादलीत दोन जोड्या सिरीजमध्ये लावू नका, चिखलातूनच शॉर्ट होतात.

त्याऐवजी बीक्यू२५५०४ ही बूस्ट चिप, म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून देणारी चिप, वापरा. तिला पहिल्यांदा जागं व्हायला ०.६ व्होल्ट लागतात, म्हणून तिची वीज साठवणारा कपॅसिटर दोन पेन्सिल सेलवर ३ व्होल्टपर्यंत भरूनच जोडा. खरी गोची पुढे आहे. ही चिप दर १६ सेकंदांनी पाव सेकंद लोड सोडून व्होल्टेज मोजते. सोलर पॅनेलला तेवढं पुरतं, जिवाणूंना सावरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. चिप कमी आकडा धरते, आणखी ओढते आणि व्होल्टेज कोसळतं. हे मोजणं (सॅम्पलिंग) बंद करून ०.३ व्होल्टचा स्थिर संदर्भ द्या.

कपॅसिटर ४७ मिलिफॅरडचा, पण कमी अंतर्गत रोधाचा. नाण्याएवढ्या बॅकअप कपॅसिटरचा रोध ३० ओहम असला, तर ४० मिलिअँपिअरला १.२ व्होल्ट पडतात आणि रेडिओ रीसेट होतो.

नोड घड्याळावर, म्हणजे ठरावीक वेळाने, चालवू नका. कपॅसिटर ३.६ व्होल्टला पोचला की चालू, ३.४ ला उतरला की बंद असा ठेवला, की दर फेरीला सुमारे ३३ मिलिज्यूल मिळतात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर एका छोट्या पॅकेटला (संदेशाला) तेवढे पुरतात. दोन पॅकेटांमधलं अंतर हेच मग सेन्सरचं वाचन: थंडीने किंवा पाण्यातल्या विषाने जिवाणू मंदावले, की अंतर वाढतं. चिखलाचं तापमान प्रत्येक पॅकेटमध्ये पाठवा, नाहीतर थंडीची रात्र पाण्यात विष आल्यासारखी दिसेल.