घरी बसून सीसीएनए करताय? या चुका टाळा

‘सर, सगळे व्हिडिओ बघून झाले. परीक्षेची तारीख घेऊ का?’

सीसीएनएची, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेची, तयारी करणाऱ्या कुणाचा तरी महिन्यातून एकदा असा फोन येतोच. मी विचारतो, 172.16.37.200/20 हा पत्ता कुठल्या नेटवर्कमधला? पलीकडे शांतता. मग हळूच, ‘कॅल्क्युलेटरवर बघून सांगतो.’ अरे, परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही!

सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे पत्ते छोट्या नेटवर्कांत वाटणं) ‘नंतर बघू’ म्हणून ढकलणं ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता चिडायचाही कंटाळा येतो. वरचं गणित घ्या. /20 म्हणजे पत्त्याच्या 32 बिटांपैकी पहिले 20 नेटवर्कचे. म्हणजे तिसऱ्या ऑक्टेटमधले (टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी तिसऱ्यातले) चार बिट नेटवर्कचे, तिथला मास्क (नेटवर्कचा भाग दाखवणारा आकडा) 240. 256 मधून 240 गेले, उरले 16. म्हणजे उड्या सोळाच्या: 0, 16, 32, 48. आपला 37 बसतो 32 आणि 48 च्या मध्ये. नेटवर्क 172.16.32.0, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम हाक मारायचा शेवटचा पत्ता) 172.16.47.255. संपलं. यात अवघड काही नाही, फक्त हात बसावा लागतो. मी तेव्हा जुन्या वीजबिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर रोज सकाळी चहा होईपर्यंत दहा गणितं सोडवायचो. कंटाळवाणं होतं, पण परीक्षेत 120 मिनिटं असतात आणि मागे टाकलेल्या प्रश्नावर परत येता येत नाही. तिथे बोटं मोजत बसलात तर शेवटचे प्रश्न न वाचताच ठोकून द्यावे लागतात.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मीही घरीच शिकलो. व्हिडिओत दाखवतील तसं पॅकेट ट्रेसरमध्ये (कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभं करणाऱ्या सिस्कोच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप करायचं, हिरवे दिवे लागले की पुढचा धडा. लॅब मुद्दाम बिघडवून बघावी असं कधी डोक्यातही आलं नाही.

नोकरीला दीड वर्ष झालं होतं. चाकणच्या एका कारखान्यात नवे कॅमेरे बसणार होते, त्यांच्यासाठी व्हीलॅन 30 (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क). मी पुण्याच्या ऑफिसातून शॉपफ्लोरच्या स्विचवर लॉगिन केलं आणि ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन एकाच वायरवरून नेणाऱ्या पोर्टवर) जाऊन ऐटीत टाइप केलं: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’. एंटर. कर्सर जागच्या जागी थिजला. मला वाटलं नेट गेलं. तेवढ्यात फोन वाजला, पाठोपाठ दुसरा. डिस्पॅचचे कॉम्प्युटर बंद, चलन निघेना, गेटवर ट्रक उभे.

त्या ओळीत मी ‘ॲड’ हा शब्द लिहिला नव्हता. ‘ॲड’ असेल तर आधीच्या यादीत 30 ची भर पडते. नसेल तर जुनी यादी पुसली जाते आणि एकटा 30 उरतो. डिस्पॅचचा व्हीलॅन गेला, आणि मी ज्या व्हीलॅनवरून आत शिरलो होतो तोही गेला. बसलो होतो तीच फांदी तोडली. व्हिडिओतल्या लॅबमध्ये ट्रंक कोरा असायचा, तुटायला दुसरा चालू व्हीलॅनच नसायचा, त्यामुळे तिथे ही कमांड बिनबोभाट चालायची.

वाचलो ते निव्वळ नशिबाने. बदल सेव्ह केलेला नव्हता. तिथल्या सुपरवायझरकाकांना फोनवर म्हटलं, ‘काका, त्या स्विचची वायर काढा आणि परत लावा.’ स्विच जुनं कॉन्फिग (सेटिंग्ज) घेऊन उठला. काकांना आजही वाटतं की स्विच ‘हँग’ झाला होता. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

तेव्हापासून लांबच्या डब्याला (स्विचला किंवा राउटरला) हात लावण्याआधी मी ‘रीलोड इन 10’ देतो. मी बाहेर फेकला गेलो तर दहा मिनिटांनी डबा आपोआप जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ करायचं आणि मगच सेव्ह. आणि घरच्या लॅबमध्ये चालणारी गोष्ट आधी मोडा: ट्रंकच्या एका टोकाचा नेटिव्ह व्हीलॅन (बिनशिक्क्याच्या पॅकेटांचा व्हीलॅन) बदला, डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) काढा, ओएसपीएफमध्ये (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायच्या प्रोटोकॉलमध्ये) वाइल्डकार्ड (उलटा मास्क) चुकीचा टाका. मग ‘शो’ कमांड देऊन काय बोंबललं ते शोधा. व्हिडिओ दीडपट वेगाने बघणाऱ्यांना यासाठी वेळ नसतो, हे ठाऊक आहे.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

राउटरवरून पहिला पिंग (समोरचा पोचतो का बघायची हाक) दिला की एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं येतात, यश 80 टक्के. पोरं घाबरून सगळं कॉन्फिग पुसतात. पहिलं पॅकेट एआरपीच्या चौकशीत (समोरच्याचा हार्डवेअर पत्ता विचारण्यात) गेलं, एवढंच. परत पिंग करा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुने स्विच आणायची घाई नको. पॅकेट ट्रेसर फुकट आहे आणि रात्री पंख्याच्या घरघरीने घरच्यांची झोप मोडत नाही.

कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधल्या जुन्या नोट्सवर जाऊ नका. 24 फेब्रुवारी 2020 पासून परीक्षेचा कोड 200-301 आहे, अभ्यासक्रमही नवा. त्यानंतरही त्यात नसलेला ईआयजीआरपी (राउटिंगचा आणखी एक प्रोटोकॉल) घोकणारे मला भेटले आहेत. शिवाय ओएसआयच्या (नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या नमुन्याच्या) सात थरांवर महिना घालवायचा आणि ज्याला 10 टक्के वजन आहे ते ऑटोमेशन सोडून द्यायचं, हा हिशोब मला कधीच कळला नाही.

डम्प (परीक्षेतून फुटलेले प्रश्न) घोकून पास झालेल्याला इंटरव्ह्यूत ओळखायला मला दोन प्रश्न पुरतात. पहिला वरच लिहिलाय.

आणि परीक्षा घरून देणार असाल तर खोलीला आतून कडी लावा. परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कुणी आलेलं चालत नाही, मग ती चहा घेऊन आलेली आई का असेना. फी 300 डॉलर, वर कर. मी परीक्षा सेंटरला जाऊन दिली. आमच्या घरात कडी लावली तरी लोक आत येतात.